कादिझची पायी फेरी आणि तापास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेनच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या कादिझ शहरात मराठी पाहुण्यांच्या छोट्या गटांना स्थानिक परवानाधारक गाइडसोबत आम्ही पायी फिरवतो आणि वाटेत बारमध्ये थांबत खाऊ घालतो. पुणे, नाशिक, ठाणे, तसेच लंडन आणि फ्रँकफुर्टहून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात अडकलं असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. कादिझ कुठे आहे? सेव्हिल आणि ग्रानादा बघतोच आहोत, मग आणखी एक शहर कशाला?

कादिझ अटलांटिक महासागरात घुसलेल्या जमिनीच्या टोकावर आहे. तीन बाजूंनी पाणी, आणि चौथ्या बाजूला मुख्य भूमीशी जोडणारी एक चिंचोळी पट्टी. सेव्हिलहून रेल्वेने साधारण पावणेदोन तास लागतात. स्टेशन जुन्या शहराच्या अगदी तोंडाशी आहे, त्यामुळे उतरलात की चालायलाच लागायचं.

सेव्हिल आणि ग्रानादाला राजवाडे आहेत. कादिझ हे व्यापाऱ्यांचं, खलाशांचं आणि कोळ्यांचं शहर. फिनिशियन लोकांनी 'गादिर' नावाने ते वसवलं. परंपरा ही स्थापना इ.स.पू. ११०४ ची मानते. उत्खननातले पुरावे मात्र इ.स.पू. नवव्या-आठव्या शतकापासूनचे आहेत. ते धरले तरी पश्चिम युरोपातल्या सर्वांत जुन्या सलग वस्तीच्या शहरांत कादिझची गणना होते. आणि इथे पर्यटकांसाठी सजवलेला भाग वेगळा आणि लोक राहतात तो वेगळा, असं अजून फारसं झालेलं नाही. वाळत घातलेल्या कपड्यांखालून चालत तुम्ही रोमन नाट्यगृहापाशी पोचता.

२. फेरीत नेमकं काय बघायला मिळतं?

सुरुवात एल पोपुलो या सर्वांत जुन्या मोहल्ल्यातून. मध्ययुगीन तटबंदीच्या तीन कमानी इथे अजून उभ्या आहेत. पहिल्याच भिंतीपाशी गाइड तुम्हाला दगडाला हात लावायला सांगेल. या दगडाला 'पिएद्रा ओस्तियोनेरा' म्हणतात. समुद्रातल्या शिंपल्यांचे तुकडे आणि वाळू घट्ट होऊन तो तयार झालेला आहे, आणि शिंपल्यांच्या कडा बोटांना स्पष्ट लागतात. चर्च, तटबंदी, साधी घरं, सगळं याच दगडात.

तिथून दोन पावलांवर रोमन नाट्यगृह. इ.स.पू. पहिल्या शतकात इथल्या बाल्बुस घराण्याने ते बांधवलं. पुढे त्यावर शहर चढत गेलं आणि ते गडप झालं, ते थेट १९८० मध्ये पुन्हा सापडलं. अजूनही त्याचा काही भाग आजच्या घरांच्या खाली आहे.

पुढे कॅथेड्रल. काम १७२२ मध्ये सुरू झालं आणि १८३८ मध्ये पुरं झालं. बाहेरून बघताना खालचा आणि वरचा दगड वेगळा दिसतो. अमेरिका खंडाशी चाललेल्या व्यापाराचा पैसा होता तोवर महाग दगड, आटला तसा साधा. शहराची भरभराट आणि उतरण एका भिंतीवर वाचता येते, म्हणून मला ही इमारत फार मोलाची वाटते. तळघरात संगीतकार मानुएल दे फाया यांची समाधी आहे.

१७१७ मध्ये अमेरिकेशी होणाऱ्या व्यापाराचं सरकारी ठाणं सेव्हिलहून कादिझला आलं आणि शहर श्रीमंत झालं. परतणारी जहाजं दुरून दिसावीत म्हणून व्यापाऱ्यांनी घरांवर टेहळणी बुरूज चढवले. त्यांतले शंभराहून अधिक आजही आहेत. सर्वांत उंच तोरे ताविरा. १७७८ मध्ये बंदराचा अधिकृत टेहळणी बुरूज म्हणून त्याची निवड झाली. आता तिथल्या अंधाऱ्या खोलीत भिंग आणि आरशाच्या साहाय्याने शहराचं जिवंत चित्र एका पांढऱ्या वाटोळ्या पडद्यावर पडतं. उडणारा सीगल त्या पडद्यावरून जाताना दिसतो. हा बुरूज मुख्य फेरीत धरलेला नाही, पण वेगळा वेळ काढून जरूर जा.

चालताना गल्ल्यांच्या कोपऱ्यांकडे लक्ष ठेवा. जमिनीत उभ्या गाडलेल्या जुन्या तोफा दिसतील. घोडागाड्यांची चाकं वळताना भिंतींना घासू नयेत म्हणून त्या तिथे रोवल्या गेल्या.

नंतर सान फेलिपे नेरीचं लंबवर्तुळाकार चर्च (त्याबद्दल प्रश्न १८), १८३८ चं मुख्य मार्केट, आणि शेवटी ला विन्या हा कोळ्यांचा मोहल्ला व त्याला लागून असलेला ला कालेताचा छोटा किनारा. किनाऱ्याच्या दोन टोकांना दोन किल्ले आहेत, सांता कातालिना आणि सान सेबास्तियान.

३. तापास म्हणजे जेवण की नाश्ता? पोट भरतं का?

छोट्या बशीतला एक पदार्थ म्हणजे तापा. अशा चार-पाच ठिकाणी थांबून खाल्लं की जेवण होतं. जाण्याआधी भरपेट न्याहारी करू नका. तोच पदार्थ मोठ्या प्रमाणात हवा असेल तर 'मेदिया रासिऑन' (अर्धी प्लेट) किंवा 'रासिऑन' (पूर्ण प्लेट) मागवतात, आणि ती सगळ्यांनी मध्ये ठेवून खायची असते.

एका बारमध्ये बसून दहा पदार्थ मागवू नका. प्रत्येक बारची एक-दोन गोष्टींत हातोटी असते; ती खायची आणि पुढे निघायचं. ग्रानादात पेयाबरोबर तापा फुकट मिळतो, तसं कादिझमध्ये नसतं. फार तर चार ऑलिव्ह समोर येतील.

४. चालणं किती आहे? आई-बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत.

जुनं शहर लहान आणि जवळजवळ सपाट आहे. फेरी साधारण तीन-साडेतीन तासांची, पण त्यात निम्मा वेळ थांबण्याचा आणि खाण्याचा. काही गल्ल्यांत फरसबंदी खडबडीत आहे, म्हणून चपला नकोत, बूट हवेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी कळवा. उभ्याने खाण्याऐवजी बसायची सोय असलेले बार निवडतो. कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर पायऱ्यांऐवजी बहुतेक चढण तिरप्या वाटेने (रॅम्पने) आहे, तरी दम लागतो. तो ऐच्छिक ठेवा.

५. दुपारची फेरी घ्यावी की संध्याकाळची?

शक्य असेल तर दुपारची. मार्केट सकाळपासून दुपारपर्यंतच खरं जागं असतं, आणि बर्फावर मांडलेले मासे बघितल्याशिवाय इथलं खाणं अर्धंच कळतं. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोन ते चारच्या दरम्यान होतं, त्यामुळे त्या वेळी बारही भरलेले असतात.

संध्याकाळी स्वयंपाकघरं साडेआठ-नऊच्या आधी पूर्ण सुरू होत नाहीत. सात वाजता जेवायची सवय असलेल्यांनी संध्याकाळी थोडं खाऊन यावं. मधल्या वेळात, साधारण दोन ते पाच, छोटी दुकानं बंद असतात. खरेदी त्यानुसार ठरवा.

६. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. आमच्यासाठी काही मिळेल का?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न. मिळेल, पण सांगितलं तरच, आणि नीट सांगितलं तरच.

अडचण अशी की 'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, एवढंच सांगितलं तर वरून हामोन (खारवलेलं डुकराचं मांस) किंवा ट्यूना पेरलेली बशी येऊ शकते. बऱ्याच जणांच्या लेखी ते मांसात धरलं जात नाही. म्हणून 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून, सिन पेस्कादो' असं पूर्ण सांगायचं. आमच्या फेरीत हे काम गाइड करतो, पण दुसऱ्या दिवशी तुम्ही एकटे असाल, तेव्हा हे पाठ असू द्या.

निर्धास्त खाता येईल असं : भाजलेल्या सिमला मिरच्या, पालक आणि छोले, उसाची काकवी घातलेली तळलेली वांगी (तेल वेगळं आहे का ते विचारून), ऑलिव्ह, खारे बदाम. 'पापास अलिन्यास' म्हणजे उकडलेल्या बटाट्यांवर कांदा, पार्सली, ऑलिव्ह तेल आणि शेरी या इथल्या खास वाइनचा व्हिनेगर. साधा पदार्थ आहे, पण चांगल्या बारमध्ये बटाटा कोमट असतानाच तेल पितो आणि तोंडात विरघळतो. त्यावर ट्यूना किंवा अंडं घालायची पद्धत आहे, ते वगळायला सांगा. थंडी आणि वसंतात 'तागार्निनास' ही रानातली काटेरी भाजी मिळते. लसूण, जिरं आणि पाप्रिका घालून ती शिजवतात, आणि जिऱ्याच्या वासाने आपल्या लोकांना ती लगेच आवडते.

सावध राहायचं ते : साल्मोरेहो या टोमॅटोच्या दाट थंड सूपवर अंडं आणि हामोन भुरभुरलेलं असतं, छोल्यांच्या इतर रश्श्यांत बहुधा डुकराचं मांस शिजलेलं असतं, तळणाचं तेल मासे तळलेलंच असतं. आणि चीज : बहुतेक पारंपरिक स्पॅनिश चीजमध्ये दूध घट्ट करायला प्राण्यापासून मिळणारं रेनेट वापरतात, या भागातलं प्रसिद्ध पायोयो चीज घेतानाही ते विचारून घ्या.

७. अंडं चालत नाही, कांदा-लसूणही नाही. शिवाय त्या दिवशी एकादशी आहे. काय करावं?

प्रश्न ६ मधली यादी आधी बघा. अंडं टाळायचं तर बटाट्याचं आमलेट (तोर्तिया), मेयोनेज, बहुतेक आलिओली (लसणाचं सॉस) आणि जवळजवळ सर्व मिठाया बाद होतात.

कांदा-लसणाशिवाय कादिझमध्ये तापास खाणं फार अवघड आहे. मी खोटी आशा दाखवणार नाही. ऑलिव्ह, बदाम, फळं, साधी भाजलेली मिरची, ब्रेड आणि तेल, एवढ्यावर भागवावं लागेल. जैन पाहुण्यांना आम्ही खाण्याचे पैसे न लावता फक्त पायी फेरी घ्यायला सुचवतो. एकादशीला मार्केटमधून फळं आणि सुका मेवा घेता येतो. मात्र तळलेले बटाटे मासे तळलेल्या तेलातलेच असतात, ते उपवासाला चालणार नाहीत.

८. मासे, चिकन खातो. पण बीफ आणि पोर्क नको.

मग कादिझ तुमच्यासाठीच आहे, कारण इथलं मुख्य खाणं समुद्राचंच. काही शब्द मात्र ओळखा. 'तेर्नेरा', 'बुएय', 'रेतिंतो' आणि 'राबो दे तोरो' हे सगळं गोमांस-बैलाचं मांस. रेतिंतो ही याच प्रांतातली तांबड्या रंगाची गुरांची जात, त्यामुळे पाटीवर तो शब्द खूप दिसतो. 'हामोन', 'चिचारोनेस', 'लोमो', 'चोरिसो' म्हणजे डुक्कर. न्याहारीच्या टोस्टवर 'मान्तेका' मागू नका, ती डुकराची चरबी. लोणी हवं तर 'मान्तेकिया' म्हणा.

उलट एक फसवं नाव : 'तोसिनो दे सिएलो'. तोसिनो म्हणजे डुकराची चरबी, पण या गोडात ती अजिबात नसते. अंड्याचे बलक आणि साखरेचा पाक, बस. हेरेस या जवळच्या शहरातल्या बोदेगांमध्ये (वाइनच्या कोठारांमध्ये) वाइन निवळायला अंड्याचा पांढरा भाग लागायचा, उरलेल्या बलकांतून हा पदार्थ आला असं सांगतात.

९. एकच पदार्थ खायचा असेल तर कोणता?

तोर्तियिता दे कामारोनेस. गव्हाचं पीठ आणि बेसन, पाणी, बारीक कांदा, पार्सली, आणि सालासकट खायची इवलीशी कोळंबी. पीठ पातळ असतं. चमच्याने गरम ऑलिव्ह तेलात सोडायचं आणि चमच्याच्या पाठीने लगेच पसरायचं. कडा तेलात पसरून लेससारख्या होतात, मध्ये कोळंबीचे डोळे काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. चांगली तोर्तियिता उजेडासमोर धरली तर आरपार दिसते. जाड, मऊ, मध्ये पिठूळ आली तर समजा आधीच तळून ठेवलेली आहे. ती परत करायला संकोच करू नका.

दुसरं, आदोबोमधला काझोन. काझोन म्हणजे लहान शार्क. व्हिनेगर, जिरं, ओरेगानो, लसूण आणि पाप्रिकात मुरवून, पिठात घोळवून तळतात. फ्रेइदुरिया म्हणजे फक्त तळलेले मासे विकणारं दुकान. तिथून कागदाच्या पुडीत घ्या आणि चौकातल्या बाकावर बसून खा.

तिसरं, अल्माद्राबाचा ट्यूना, एप्रिल ते जूनमध्ये आलात तर. भूमध्य समुद्राकडे निघालेले ट्यूना किनाऱ्याजवळच्या जाळ्यांच्या चक्रव्यूहात अडकवायची ही पद्धत फिनिशियनांच्या काळापासून चालत आली आहे असं मानतात. कोनिल, बार्बाते, साआरा आणि तारिफा इथे ती आजही चालते. रोमन काळात इथले खारवलेले मासे आणि माशांचा गारुम हा रस दूरवर जात असे.

१०. शेरी प्यावीच लागते का? आम्ही दारू घेत नाही.

अजिबात नाही. सरबत, लिंबू सोडा, अल्कोहोलविरहित बिअर ('सिन आल्कोहोल') सगळीकडे मिळते.

एक खबरदारी घ्या. स्पेनच्या बऱ्याच भागांत 'मोस्तो' म्हणजे न आंबवलेला द्राक्षाचा रस, पण हेरेस-सानलुकारच्या या पट्ट्यात शरद ऋतूपासून 'मोस्तो' म्हणून वर्षाची नवी वाइन देतात. तिच्यात अल्कोहोल असतो. तसंच पदार्थाच्या नावापुढे 'अल ओलोरोसो' किंवा 'अल हेरेस' असेल तर तो शेरीत शिजवलेला असतो.

घेणाऱ्यांसाठी : सानलुकारची मान्झानिया ही शेरी थंडगार प्या, तळलेल्या माशांबरोबर. ती अगदी कोरडी असते, आणि अल्कोहोल साधारण १५ टक्के, म्हणजे साध्या वाइनपेक्षा जास्त. उन्हात तहान भागवायला ती पिऊ नका.

११. कोळंबीची अ‍ॅलर्जी आहे / ग्लुटेन चालत नाही.

कोळंबीची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर तळलेलं काहीच खाऊ नका, कारण तेल एकच असतं. भाजलेले, वाफवलेले आणि थंड पदार्थही कोळंबीचा संपर्क नाही ना हे विचारूनच खा. औषध बरोबर ठेवा आणि बुकिंग करतानाच सांगा. ग्लुटेनसाठीही तळणाचाच धोका आहे : मासा नुसत्या बेसनात तळलेला असला तरी कढई गव्हाच्या पिठाचीही असते. 'सोय सेलियाको' (बाईंनी 'सेलियाका') म्हणालात की समोरच्याला लगेच समजतं.

१२. लहान मुलांना बारमध्ये आणता येतं का?

हो. इथे बार म्हणजे कुटुंबाने जायची जागा. रात्री अकरा वाजता चौकात मुलं फुटबॉल खेळताना दिसतील. स्ट्रोलर चालतो, पण लहान बारमध्ये आत शिरत नाही.

१३. बारमध्ये कसं वागायचं? टिप, पाणी, बिल?

काउंटरशी थेट जा, नजरेला नजर द्या, मागा. ओळ नसते, पण कोण आधी आलं ते बारवाल्याला बरोबर माहीत असतं. पैसे शेवटी द्यायचे. टिप सक्तीची नाही. वरची नाणी सोडली तरी पुरे. ब्रेडचे वेगळे पैसे लागू शकतात. नळाचं पाणी मोफत द्यावं असा २०२२ पासून स्पेनमध्ये कायदा आहे, 'आग्वा देल ग्रिफो' म्हणा. बाहेरच्या टेबलांवर कधी कधी दर जास्त असतो.

दहा जणांनी दहा वेगळी बिलं मागितली की गर्दीच्या बारमध्ये सगळ्यांचाच खोळंबा होतो. एकाने भरावं, हिशेब आपसांत करावा.

१४. आम्ही सोमवारीच पोचतो. चालेल का?

फेरी होते, पण रविवारी बहुतेक कोळी समुद्रात जात नाहीत, त्यामुळे सोमवारी मार्केटमधले माशांचे गाळे बहुतांश बंद असतात. रविवारी मार्केटच बंद. मासे हे तुमचं मुख्य कारण असेल तर मंगळवार ते शनिवार निवडा. इतिहास आणि वास्तू बघायच्या असतील तर सोमवार छान, गर्दी कमी असते.

१५. वाऱ्याबद्दल सगळे बोलतात. एवढं काय आहे?

दोन वारे आहेत. पूर्वेकडून येणारा लेवान्ते कोरडा, उन्हाळ्यात गरम, आणि कधी कधी सलग काही दिवस थांबत नाही. पश्चिमेकडचा पोनिएन्ते समुद्रावरून गार आणि दमट येतो. लेवान्ते जोरात असेल तर आम्ही किनाऱ्याचा टप्पा कमी करून अरुंद गल्ल्यांत जास्त वेळ थांबतो. गल्ल्या अरुंद आहेत त्या वारा अडवायलाच कामी येतात. उन्हाळ्यात सेव्हिल भाजत असताना कादिझ सुसह्य असतं. पाऊस मुख्यतः थंडीत.

१६. कार्निव्हलच्या वेळी यावं का?

यावं, पण फेरीसाठी नाही. फेब्रुवारीच्या आसपास होणाऱ्या या उत्सवात शहर इतकं भरतं की गट घेऊन चालणं अशक्य होतं, आणि राहायची जागा काही महिने आधी बघावी लागते. तेव्हा यायचं ते गाणी ऐकायला. 'चिरिगोता' गट वेष करून राजकारणी, महापौर, सरकार, सगळ्यांवर टीकेची गाणी म्हणतात. १९३७ मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने कार्निव्हलवर बंदी घातली आणि १९७७ मध्ये तो पुन्हा आपल्या रूपात परतला. स्पॅनिश येत असेल तर याच्यासारखी दुसरी मेजवानी नाही. येत नसेल तर अर्धी मजा जाते, हेही खरं.

१७. क्रूझने येतो आहोत, फक्त सहा तास आहेत. किंवा गाइडशिवाय स्वतः फिरलो तर?

धक्का जुन्या शहराला लागूनच आहे, त्यामुळे सहा तासांत दुपारची फेरी आरामात होते. जहाजाच्या वेळेआधी एक तास परत, हा आमचा नियम आहे.

स्वतः फिरणंही शक्य आहे. फुटपाथवर रंगीत रेषांनी वेगवेगळे मार्ग आखलेले आहेत. गाइडचा उपयोग तीन ठिकाणी होतो : बारमध्ये तुमचं खाण्याचं बंधन नीट समजावायला (प्रश्न ६ ते ८ आणि ११), त्या दिवशी काय ताजं आहे ते विचारायला, आणि दगडात दडलेलं दाखवायला. यांची गरज नसेल तर पैसे वाचवा, आणि पुरातत्त्वाची आवड असेल तर कादिझ संग्रहालयात फिनिशियन शवपेट्या बघा. माणसाच्या आकाराच्या त्या दोन संगमरवरी पेट्या, पुरुषाची १८८७ मध्ये सापडली, स्त्रीची १९८० मध्ये.

१८. भारताशी या शहराचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो सान फेलिपे नेरीच्या चर्चमधून जातो. १८१० ते १८१२ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने कादिझला वेढा घातलेला असताना स्पेनची संसद इथे भरली, आणि १९ मार्च १८१२ रोजी तिने संविधान जाहीर केलं. सार्वभौमत्व राजाचं नसून राष्ट्राचं, असं त्यात म्हटलं होतं. अमेरिका खंडातल्या स्पॅनिश वसाहती आणि फिलिपिन्सचे प्रतिनिधीही तिथे बसले होते. ते परिपूर्ण नव्हतं. आफ्रिकी वंशाच्या लोकांना त्यात समान नागरिकत्व नव्हतं.

तरी त्याचे पडसाद आपल्यापर्यंत आले. त्याची एक आवृत्ती राजा राममोहन रॉय यांना अर्पण केलेली आहे. आणि १८२० मध्ये पोर्तुगालात क्रांती झाली तेव्हा तिथल्या उदारमतवाद्यांपुढे नमुना होता तो कादिझचाच. त्या क्रांतीनंतर पोर्तुगीज संसदेसाठी गोव्यातही निवडणूक झाली आणि १८२२ मध्ये गोव्याने आपले प्रतिनिधी निवडले. बर्नार्दो पेरेस दा सिल्वा त्यांतले एक. गोव्याहून आलेले पाहुणे या चर्चमध्ये सर्वांत जास्त वेळ थांबतात.

१९. ला विन्यात १ नोव्हेंबरला मिरवणूक असते म्हणे. तेव्हा फेरी असते का?

असते, पण मार्ग बदलतो. १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बनच्या भूकंपानंतर त्सुनामीच्या लाटा कादिझवर आल्या. ला विन्यात लोकांनी ला पाल्माच्या मरियमचा ध्वज पाण्यासमोर नेला आणि पाणी तिथे थांबलं, अशी श्रद्धा आहे. त्या आठवणीत दर वर्षी मिरवणूक निघते. त्या दिवशी आम्ही ला विन्या आधी करतो आणि मिरवणुकीच्या वेळेपूर्वी तिथून बाहेर पडतो. ज्यांना मिरवणूक बघायची आहे त्यांनी फेरी संपल्यावर परत यावं, कडेला उभं राहावं, आणि लोक प्रार्थना करत असताना जवळ जाऊन फोटो काढू नयेत.